पदराची गाठ

आमची आई आठवणीसाठी पदराला गाठ मारते. गाठ सापडते, ती कशासाठी, हे मात्र पुष्कळदा आठवत नाही! मी संगणकाच्या पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्या डकवतो. १९८० साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या कागदी चिठ्ठ्यांचीच ही धाकटी भावंडे. यांना कागदही नको नि डिंकही.

'विजेचे बिल', 'उत्तरपत्रिका', 'आईला फोन'. बिल भरले, चिठ्ठी पुसली. उत्तरपत्रिकांचेही तसेच. आईची चिठ्ठी मात्र तीन आठवडे कोपऱ्यात राहिली. रोज दिसे, म्हणूनच दिसेनाशी झाली असावी. बिलाला मुदत होती, आईला नव्हती.

परवा आईचाच फोन आला. "अरे, पदराला गाठ आहे. कशाची ते आठवेना. म्हटलं, तुलाच विचारावं."