वकिली आणि अध्यापन

भरभराटीची वकिली आवरून अध्यापन पत्करणारा मनुष्य व्यवहारास मुकला, असा आपल्या व्यापारी मंडळींचा समज आहे. आमचे मतें तो चुकीचा आहे. डॉ. आंबेडकरांनीं १९२३ सालीं मुंबईस वकिली आरंभिली, १९२८ सालीं तेथील सरकारी लॉ कॉलेजांत प्राध्यापकी पत्करली व १९३५ सालीं ते प्राचार्य झाले. म्हणून ते लोकांपासून दुरावले काय? १९२८ सालींच त्यांनीं वतन-कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मुंबई कौन्सिलांत मांडलें. आणि १९४१ च्या फेब्रुवारींत, आज आपल्या जिल्ह्यांत असलेल्या कसबे तडवळे येथें महार-मांग वतनदारांच्या परिषदेस ते स्वतः आले.

वकील एका पक्षकाराचा कज्जा जिंकून देतो. चांगला अध्यापक कज्जे टाळणारे वकील घडवितो. धाराशिवांत कायद्याचें महाविद्यालय आहे, कोर्टांत अनुभवी वकीलही आहेत. तरी कलमें पाठ असलेला पदवीधर साधी कैफियत लिहितांना अडखळावा, ही शोचनीय गोष्ट होय. १९७९ च्या नियमांनीं सनदी वकिलास दिवसास ३ तासांपर्यंत कायदा शिकविण्याची मुभा दिली आहे. तेव्हां अडचण सनदेची नव्हे, मनाची आहे. जन्मभर कोर्टांत मिळविलेली विद्या जो आपल्याबरोबर चितेवर नेतो, त्यानें समाजाचें ऋण फेडलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.