ॲडॉप्टर पिन बदलतो, वीज नाही!

आपले व्यापारी बांधव आता दुबई, ग्वांगझू, इस्तंबूलपर्यंत नमुन्यांची पेटी घेऊन सहज जातात. उमरा करून परतताना जेद्दाहच्या बाजारातील भाव पाहून येणारेही पुष्कळ आहेत. पासपोर्ट, व्हिसा, रियाल-दिरहम यांची तयारी महिनाभर चालते. विजेची गोष्ट निघाली की मात्र 'तिथे बघू' म्हणून सोडून देतात. ही गफलत व्यापारात महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेच्या पहिल्या फेरीत मी स्वतः ही चूक केली. कापडाच्या नमुन्यांच्या घड्या मोडायला घरची १००० वॅटची इस्त्री नेली आणि ॲडॉप्टर लावला. तासभर ठेवूनही ती कोमटच! आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, तिथे १२०. व्होल्ट निम्मे झाले की उष्णता निम्मी होत नाही, ती चौथाईवर येते. माझी इस्त्री तिथे जेमतेम २७० वॅटची झाली होती. चुरगळलेले कापड गिऱ्हाइकापुढे ठेवावे लागले आणि त्याने भाव पाडून मागितला.

याच्या उलट नुकसान त्याहून मोठे. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने जपानच्या बाजारासाठी बनलेले जुने भरतकामाचे मशीन विकत घेतले. जपानची वीज १०० व्होल्ट. पिन आपल्या सॉकेटात बसेना, म्हणून त्याने ॲडॉप्टर आणला. पिन बसली, पण बटण दाबताच आतला बोर्ड जळाला. कित्येक महिन्यांची बचत एका क्षणात गेली. त्याला हवा होता २३० चे १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, तोही मशीनच्या वॅटपेक्षा जास्त ताकदीचा.

म्हणून आधी वस्तूवरची चिठ्ठी वाचावी. 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असेल तर फक्त पिन बदलणारा ॲडॉप्टर पुरे. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. नुसते '२३० व्होल्ट' लिहिलेली इस्त्री किंवा किटली अमेरिका-जपानला नेऊच नये.

दुबईत व्होल्टेज आपल्यासारखेच, पण सॉकेट इंग्लंडच्या पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. तुर्कस्तानात दोन गोल पिना. चीनमध्ये २२० व्होल्ट, पण सॉकेट दोन-तीन तऱ्हेची. सौदी अरेबियात ६० हर्ट्झ, आणि जुन्या इमारतींत कमी व्होल्टेजची सॉकेटही सापडतात; तिथे विचारूनच पिन लावावी. आपल्या ५० हर्ट्झची साधी मोटार ६० वर सुमारे २० टक्के जलद फिरते, हे मशीनवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक वाईट सवय. दुबईच्या सॉकेटात दोन पिनांचा प्लग जात नाही, म्हणून लोक वरच्या अर्थिंगच्या भोकात पेन खुपसून झडप उघडतात. असे कधीही करू नये. प्लग तिथे नीट बसत नाही, ठिणगी पडते. ज्या स्वस्त ॲडॉप्टरला अर्थिंग नाही, त्यावर लोखंडी बॉडीची वस्तू लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा लेख कशाला? हॉटेलवाला देतो की ॲडॉप्टर! देतो, पण चिठ्ठी वाचायची जबाबदारी तो घेत नाही. आणि परदेशातून मशीन मागवताना तर हॉटेलवालाही नसतो. ऑर्डरच्या कागदावर व्होल्ट, हर्ट्झ, फेज आणि वॅट लिहून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. सिंगल फेजच्या कारखान्यात थ्री फेज मशीन येऊन पडले की भांडायला चीनला कोण जाणार?

माझी सूचना अशी की भिवंडी, मालेगावच्या व्यापारी मंडळांनी आणि हजच्या प्रशिक्षण शिबिरे भरवणाऱ्यांनी अर्धा तास या विषयाला द्यावा. एखाद्या जाणत्या वायरमनला बोलवावे, चार प्रकारचे प्लग हातात देऊन दाखवावेत. खर्च जवळजवळ नाही. उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सफरीला निघताना चिठ्ठी वाचणे हेही उंट बांधणेच आहे. कष्टाची हलाल कमाई एका पिनेपायी जळू नये, एवढीच कळकळ.