रिकामी खुर्ची होकार देते
मी गोदीत हमाली करतो. खाडीचा चिखल साहेबाला पडीक दिसतो. कोळणीला त्यात निवटी दिसतात, चिंबोरी दिसते. हा चिखल बुजवून नवं बंदर बांधायचं, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. वाढवण बंदराची १९ जानेवारी २०२४ ला पालघरात झाली, ती याच नियमाने. नोटीस निदान ३० दिवस आधी मराठी पेपरात यावी लागते.

पण दोस्तांनो, मेख ऐका : सुनावणीला कोरम लागत नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झालीच! तुमची गैरहजेरी फायलीत होकार होऊन बसते.

म्हणून जा, बोला. लांबचे असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी हरकत धाडा. शेवटी सगळे मुद्दे मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे. आपला मुद्दा त्यात येईस्तोवर जागचं हलायचं नाही!