चिठ्ठीची पोच

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात दहा ते वीस हजार लोकवस्तीसाठी ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम आणि जिल्ह्यासाठी २५०० खाटांचे रुग्णालय अशी जी चढती रचना कल्पिली होती, तिच्यातील खाटा कागदावरच राहिल्या. पायऱ्या मात्र बांधल्या गेल्या. आज सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार वस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालय, असा जिना महाराष्ट्रात उभा आहे. त्याच्या मोडक्या पायऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते व ते रास्तही आहे; परंतु एका पायरीवरून दुसरीवर रुग्णाची रवानगी कशी होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ती करावयाची तर नातेवाइकाच्या मुठीतली चिठ्ठी उलगडून पाहावी. केसपेपरच्या पाठीमागे ‘पुढील उपचारार्थ जिल्हा रुग्णालयात पाठवीत आहे’ एवढी एक ओळ, खाली न लागणारी सही आणि केंद्राचा शिक्का. ज्या गर्भवतीला रक्तदाब वाढून झटके येऊ लागले आहेत, तिला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊनच पुढे धाडावे असा दंडक आहे. पण ती मात्रा किती दिली व किती वाजता दिली हे चिठ्ठीत नसले, तर पुढच्या डॉक्टराने ती पुन्हा द्यावी तर श्वास मंदावण्याचे भय आणि न द्यावी तर झटक्यांचे. धारणीहून मेळघाटाची वळणे १०८ च्या रुग्णवाहिकेत काढून अमरावतीस पोहोचलेल्या बाईचा जीव अशा दोन आकड्यांवाचून टांगणीला लागतो.

वैद्यकीय अधिकाऱ्यांस दूषण देणे सोपे आहे. जेथे शस्त्रक्रियागृह आहे पण भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही, आणि डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा असूनही रुग्ण दगावला की जमाव दारात उभा राहतो, तेथील अधिकारी चिठ्ठी लिहून मोकळा होतो यात नवल ते काय? मात्र खालच्या पायरीवर काही घडूच शकत नाही, ही समजूत आम्हांस मान्य नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या विंचूदंशावरील जगन्मान्य संशोधनाची मुळे महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच आहेत.

आता वरच्या पायऱ्यांकडे पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात तेवढ्याच अवधीत २४, त्यांत १२ नवजात बालके. रुग्ण अन्य ठिकाणांहून अत्यवस्थ स्थितीत आणले गेले, अशी कैफियत दोन्ही वेळी देण्यात आली. ती शब्दशः खरी धरली तरी, पाठविणाऱ्यांनी आगाऊ कळविले होते काय, आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी कळविले काय, हे प्रश्न शिल्लकच राहतात. रजिस्टर पत्राला पोच मिळत असे. माणसाबरोबर पाठविलेल्या चिठ्ठीला ती मिळत नाही. शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णाने कोणत्या गोळ्या किती दिवस घ्यावयाच्या, हे त्याच्या गावच्या केंद्रातील डॉक्टरास रुग्णाच्याच तोंडून, बहुधा गोळ्यांचे रिकामे पाकीट पाहून, उमगावे लागते.

याचे मूळ तीन धन्यांच्या कारभारात आहे. ग्रामीण भागातील प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, आणि वैद्यकीय महाविद्यालय तर अधिष्ठात्याच्या हाताखाली निराळ्याच खात्याकडे. त्यामुळे एकाचे दप्तर दुसऱ्यापुढे उघडले जात नाही. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून तज्ज्ञाचा सल्ला घेता येऊ लागल्यापासून त्वचेच्या विकारासाठी वा मधुमेहाच्या औषधातील फेरबदलासाठी मजुराचा दिवस बुडविण्याचे कारण पुष्कळसे उरलेले नाही. पण पाठवावेच लागणाऱ्यांसाठी आधी फोन, छापील नमुन्यातील चिठ्ठी आणि घरी सोडताना मूळ केंद्राकडे उलट पत्र, एवढी तजवीज सरकारने हुकमाने करावी. या तिघा अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसून उलट पत्र न आलेल्या चिठ्ठ्यांची यादी वाचावी, आणि अधिष्ठात्यांनी त्या बैठकीस प्रतिनिधी न धाडता जातीने हजर राहावे. नवी इमारत त्यासाठी लागत नाही. आरंभ अमरावती किंवा नंदुरबार जिल्ह्यातून येत्या पावसाळ्यापूर्वी करता येईल.