दूरवरच्या विधी सेवकाच्या पाठीशी कोण?

गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळावा, या तत्त्वाला आपल्या राज्यघटनेत १९७६ साली अनुच्छेद ३९-अ च्या रूपाने स्थान मिळाले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. हक्काबद्दल वाद उरलेला नाही. प्रश्न आहे तो हा हक्क पोहोचवणाऱ्या माणसांचा.

ही माणसे आता न्यायालयाच्या आवारापासून बरीच दूर काम करतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेतून विधी स्वयंसेवक तयार होऊ लागले. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी असे लोक त्यात आहेत. २०१७ मध्ये टेली-लॉ सुरू झाले. त्यात गावातील सामायिक सेवा केंद्रात आलेला पक्षकार फोनवरून किंवा व्हिडिओवरून दूरच्या वकिलाचा सल्ला घेतो. लडाखपासून ईशान्येच्या डोंगराळ जिल्ह्यांपर्यंत, जिथे तालुक्याचे न्यायालय गाठायला एक दिवस मोडतो, तिथे या व्यवस्थेचे मोल मोठे आहे. तिला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र अंतर कापले म्हणजे काम झाले, हा समज मला घातक वाटतो. न्यायालयात वकिली करणारा तरुण कायदा पुस्तकातून जेवढा शिकतो, तेवढाच बार रूममध्ये शिकतो. अर्ज कोणत्या न्यायालयात लावावा, कोणता कागद जोडल्यावाचून लिपिक तो स्वीकारत नाही, हे तो शेजारच्या ज्येष्ठाला विचारून घेतो. गावातील स्वयंसेविकेला किंवा घरी बसून सल्ला देणाऱ्या वकिलाला असे शेजार नसते. १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि पोटगीचे परिचित कलम १२५ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले. शहरातील वकिलांनी हा बदल परस्परांत चर्चा करून पचवला. दूरवरच्या स्वयंसेविकेने तो कोणाला विचारायचा होता?

आपली व्यवस्था या माणसांकडून आकडे मागते. किती शिबिरे भरली, किती जणांना सल्ला दिला, याचे तक्ते वर जातात. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईने सल्ल्यानंतर अर्ज केला का, तिला पोटगी मिळाली का, हे त्या तक्त्यांत दिसत नाही. आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे ज्याला कधीच कळत नाही, त्याचा सल्ला सुधारणार तरी कसा?

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ वकील व पक्षकार यांच्यातील बोलण्याला संरक्षण देते. ते दुभाषे आणि वकिलाच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. सेवा केंद्राचा चालक आणि विधी स्वयंसेवक यांचा उल्लेख त्यात नाही. घरातील मारहाणीची हकिगत गावातल्याच माणसाच्या संगणकासमोर सांगायची असेल, तर ही उणीव किरकोळ नव्हे.

यावर मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक दूरस्थ सेवकाला जिल्हा प्राधिकरणातील एक ठरलेला ज्येष्ठ वकील नावानिशी माहीत असावा आणि त्याला फोन करणे हा कामाचाच भाग मानला जावा. आठवड्यातून एकदा अडलेल्या प्रकरणांची सामूहिक चर्चा व्हावी. स्वयंसेवकाला कामाच्या दिवसांप्रमाणे मिळणारे मानधन ठरल्या तारखेला मिळावे आणि प्रवासाचा व फोनचा खर्च वेगळा द्यावा. अत्याचाराच्या कहाण्या दिवसेंदिवस ऐकणाऱ्याला स्वतःचे मन मोकळे करण्याची जागा असावी. आणि सेवा केंद्रात बंद दाराची एक खोली असावी.

देखरेख वाढली की वकिलाच्या स्वातंत्र्यावर गदा येईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. म्हणूनच या ज्येष्ठाने सल्ला कोणता द्यावा हे ठरवू नये. विचारले असता सोबत विचार करावा. दर तासाची हजेरी घेणे ही पाळत झाली. अडलेल्याचा फोन उचलणे हा आधार आहे. पहिली गोष्ट स्वस्त असल्याने कार्यालयांना ती सोयीची वाटते.

प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांच्या शीर्षकातच विधी सेवा ‘विनामूल्य आणि सक्षम’ असावी, असे म्हटले आहे. विनामूल्य सेवेची तरतूद अंदाजपत्रकातून होते. सक्षमता मात्र माणसांतून येते, आणि एकट्या पडलेल्या माणसाकडून ती फार काळ मागता येत नाही. पुढील वर्षाच्या तरतुदींत नव्या केंद्रांच्या संख्येआधी आहे त्या सेवकांच्या पाठबळासाठी स्वतंत्र रक्कम दिसली, तरच गरिबाच्या न्यायाबद्दलची आपली भाषा खरी मानता येईल.