गोग्रास किती घासांचा?

वाचकहो, आज एक प्रश्न विचारतो. एखादा अनोळखी माणूस भक्तिभावाने गाईला खाऊ घालतो आहे, आणि ते तिला बाधणार हे तुम्हाला दिसते आहे. तुम्ही पुढे होऊन सांगाल, की ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून चालू लागाल?

मी चालू लागलो. त्याचीच ही गोष्ट.

दिव्यांच्या अवसेला आम्ही दोघे तालुक्याच्या गावी देवाला गेलो होतो. देवळाबाहेर पिंपळाखाली एक बाई गाय घेऊन बसते. शेजारी गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात. पैसे द्यावेत, पेंढी घ्यावी, गाईला घालावी, पाया पडावे, असा तिथला शिरस्ता. पण सणाच्या दिवशी निम्मे लोक घरूनच काहीतरी आणतात. सौभाग्यवती ओटी भरायला आत गेल्या आणि मी पायरीवर टेकलो. तेवढ्या वेळात एकाने गाईपुढे पोळ्यांची चळत ठेवली, दुसऱ्याने भाताचे पातेले उपडे केले, एका आजींनी कणकेचे गूळ घातलेले गोळे भरवले. मग मोटारीतून एक जोडपे उतरले. बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. पिशवीभर पोळ्या आणल्या होत्या. आई एकेक पोळी त्याच्या हातात देई, गाय जीभ लांब करून ती ओढून घेई, आणि पोरगे खदखदून हसे.

ते हसू पाहून माझ्या तोंडून शब्द फुटेना. सौभाग्यवती बाहेर आल्यावर म्हटले, “बाधेल हो गाईला. सांगू का त्यांना?” त्या म्हणाल्या, “कुणाच्या पुण्याच्या आड कशाला येता? चला, एस.टी. चुकेल.”

एस.टी. मिळाली, पण मन काही जागेवर बसेना. कारण हे दुखणे आमच्या दावणीला येऊन गेलेले आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीचा पोळा. सर्जा नावाचा खिल्लार बैल होता आमचा. मिरवून आणल्यावर ओवाळायला पाच घरच्या बाया आल्या. कुणी दोन, कुणी चार पुरणपोळ्या चारल्या. शेजारच्या काकू तर परात घेऊनच आल्या. त्यांना मूलबाळ नव्हते, सर्जावर फार जीव. त्या भरवत राहिल्या, मी बघत राहिलो. “काकू, पुरे आता,” एवढे शब्द जिभेवर आले होते. पण सणाचा दिवस, वडीलधारी बाई; भीड पडली. गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सर्जाने वैरणीला तोंड लावले नाही. रवंथ बंद. डावी कूस दाबली तर आत पाणी डुचमळल्यासारखे लागे. दात खाऊ लागला. दुपारी आंबूस वासाचे पातळ शेण टाकले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, आणि संध्याकाळी बसला तो उठेना. गुरांच्या डॉक्टरांनी रात्र आमच्या गोठ्यात काढली. सलाइन लावले, पोटात सोडा दिला. बैल वाचला. पण दुखणे खुरांत उतरले आणि त्या रब्बीला तो जुवाखाली आला नाही. उसना बैल मिळेपर्यंत वाफसा निघून गेला. ज्वारी उशिरा पेरली, दाणा कमी झाला आणि कडबाही.

खरे सांगायचे ते पुढेच आहे. काकूंना कळले तेव्हा त्या गोठ्यात येऊन रडल्या. म्हणाल्या, “अरे, तुला दिसत होतं तर मला सांगितलं का नाहीस? मी काय वैरीण होते का त्याची?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्यांचे मन राखायला गप्प बसलो, आणि जन्माचा सल त्यांच्याच पदरात टाकला.

आता हे होते कसे, ते थोडक्यात सांगतो. गाई-बैलांचे पोट चार कप्प्यांचे. त्यातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. हा एक आंबवणाचा रांजणच म्हणा ना. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि तेच चारा आंबवून पचवतात. लांब धाग्याचा चारा असला की जनावर तासन् तास रवंथ करते आणि त्याबरोबर लाळ सुटते. मोठ्या दुभत्या गाईला दिवसाकाठी शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते. या लाळेत आपल्या खायच्या सोड्याचाच अंश असतो. पोटात तयार होणारा आंबटपणा ती मारत राहते.

पोळी, भात, पाव, कणीक यांना रवंथ लागत नाही. म्हणजे लाळ कमी, आणि हे पदार्थ तर भराभर आंबणारे. मग आंबटपणा वाढवणारे जंतू माजतात आणि चारा पचवणारे मरतात. आंबलेले पोट अंगातले पाणी स्वतःकडे ओढून घेते. म्हणून कूस डुचमळते आणि डोळे खोल जातात. प्रमाण फारच झाले तर एक-दोन दिवसांत जनावर दगावते. लग्नाच्या मांडवामागे ओतलेला भात खाऊन गाय गेली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

शिवाय गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने ओढून घेते, निवडत बसत नाही. अन्न पिशवीत बांधून टाकले तर पिशवीसकट पोटात जाते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण उकिरड्यावरच्या पिशव्या काही संपल्या नाहीत.

यावर कुणी म्हणेल, “एका पोळीने काय होतंय?” अगदी बरोबर आहे. एका पोळीने काही होत नाही. आपल्या वाडवडिलांनी गोग्रास सांगितला. ग्रास म्हणजे घास. जेवायला बसण्याआधी गाईसाठी एक घास बाजूला काढायचा. घरची गाय एक, घर एक, घास एक. देवळापुढच्या गाईचे तसे नाही. तिथे गाय एक आणि घरे शंभर. प्रत्येकाला आपलीच पोळी दिसते, आधीच्या नव्व्याण्णव दिसत नाहीत. म्हणून देणारा दोषी नाही. पण पायरीवर बसलेल्याला त्या सगळ्या दिसतात, म्हणून सांगायचे काम त्याचे. मी सांगितले नाही, ही चूक माझी.

मात्र सांगण्याची रीत हवी. मला उमगले ते असे. कुणी एखादा घास देत असेल तर उगाच शहाणपण शिकवू नये. ढीग दिसला, आंबलेले-बुरशी आलेले अन्न दिसले, पिशवी दिसली, तरच बोलावे. आधी गाय जिची आहे तिला सांगावे. तिचे पोट त्या गाईवर आहे आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा पहिला हक्क तिचा आहे. पोराबाळांदेखत आईबापांना खाली बघायला लावू नये. ‘असं करू नका’ म्हणण्यापेक्षा ‘आमच्या बैलाचं असं झालं होतं’ म्हणावे. आपली ठेच सांगितली तर माणूस ऐकतो, त्याची चूक सांगितली तर भांडतो. आणि मुख्य म्हणजे देणारा हात अडवू नये, हातातली वस्तू बदलावी.

परवा श्रावणी सोमवारी पुन्हा त्या देवळात गेलो. आधी त्या बाईशी बोललो. ती म्हणाली, “दादा, मला का कळत नाही? सणाच्या दुसऱ्या दिवशी ही काहीच खात नाही. पण देवाच्या दारात लोकांना नाही कसं म्हणू?” म्हटले, मी म्हणतो. मग एक गृहस्थ पोळ्या घेऊन आले, त्यांना सर्जाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “तुम्ही देवस्थानचे का?” आणि सगळ्या पोळ्या गाईला घालूनच गेले. मी हात जोडले. त्यांच्यामागे एक बाई मुलीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. एक पोळी दिली, बाकीचा डबा बंद केला आणि माझ्याकडे वळून विचारले, “मग आणखी काय घालू?” मी एक पेंढी घेऊन मुलीच्या हातात दिली. ती पेंढी संपेपर्यंत पोर तिथून हलली नाही. दोघांतल्या एकाने ऐकले. तेवढ्यावर मी समाधानी आहे. सौभाग्यवतींनीही या खेपेला एस.टी.ची घाई केली नाही.

पण मंडळी, देवळाच्या पायरीवर बोलण्याआधी घरच्या दावणीकडे पाहायला हवे. पोळा आता जवळ आला आहे. बैल राबला आहे, त्याला गोड घास मिळालाच पाहिजे. पण त्या दिवशी सकाळी आधी पोटभर वैरण घाला. पुरणपोळी एखादी, मानाची. ओवाळायला येणाऱ्यांना दारातच हसून सांगा, “घास द्या, जेवण नको.” आणि एवढे करूनही जनावराने रवंथ सोडले तर भरडा-पेंड बंद करा, पुढ्यात फक्त कोरडा कडबा ठेवा. घरचा काढा-तेल नळीने जबरदस्तीने पाजू नका, ते फुप्फुसात जाते. १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा. सोडा किती द्यायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

काकू आता नाहीत. पण दर पोळ्याला कुणी परात घेऊन दारात आले की त्यांचा प्रश्न आठवतो. आता मी लगेच सांगतो. आजवर कुणाला राग आलेला नाही.