फलकाने वाडा वाचत नाही

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे एकामागून एक भुईसपाट होत आहेत. वाडा पडला की मालकाच्या लोभाला दोष दिला जातो. हे निदान सोयीचे असले, तरी ते पूर्ण सत्य नव्हे.

१९६१ च्या पाणशेत प्रलयात नदीकाठचे अनेक वाडे गेले. जे उरले, त्यांना कायद्याने पोखरले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच नगण्य, तेथे चार टक्क्यांनी काय साधणार? सागवानी तुळईला वाळवी लागली, चुन्याचा गिलावा सुटला, तर दुरुस्तीचा खर्च अशा भाड्यातून निघत नाही. दुसरीकडे, वाड्याखालच्या जमिनीचा भाव वाढतच राहतो. २०२४ पासून तर पेठांच्या पोटातून मेट्रो धावते आहे. उभा वाडा तोट्याचा आणि पाडलेला वाडा लाभाचा, हे गणित व्यवस्थेनेच मांडले असताना मालकाला अस्मितेचे धडे देणे हा दांभिकपणा होय.

महापालिकेच्या वारसा यादीत नाव चढले, फलक लागला, म्हणून हे गणित बदलत नाही. नावलौकिकही वास्तूला तारत नाही. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा काढली, तो भिडेवाडा दीर्घ न्यायालयीन वादात जीर्ण झाला आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडावा लागला. वास्तू गमावून स्मारक उभारण्याची ही वेळ इतरत्र येऊ नये.

मार्ग अज्ञात नाही. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने मालकाला वास्तूवर वापरता न येणारा विकासहक्क अन्यत्र विकण्याची वाट दाखवली. हेच तत्त्व साध्या, खाजगी वाड्यापर्यंत सुलभपणे पोहोचले पाहिजे. मात्र त्यातून मिळणारा पैसा आधी वाड्याच्या डागडुजीवर खर्च होईल, अशी अटही हवी. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूच्या निवाऱ्याला धक्का लागता कामा नये आणि त्यानेही वाजवी भाडे द्यावे. लाकूडकाम व चुनेकाम जाणणाऱ्या कारागिरांना नियमित काम मिळाले, तरच ती विद्या टिकेल.

चौक, ओटी, माजघर ही केवळ रचना नव्हे. ती एका समाजाच्या एकत्र नांदण्याची रीत आहे. हा वारसा सर्वांचा असेल, तर त्याचा भार एकट्या मालकाच्या खांद्यावर टाकून चालणार नाही.